उतरलेला षड्ज

तंबोरे लागत होते. पडदा आधीच उघडलेला होता, आणि गायिका मागे वळून शिष्येच्या हातातल्या तंबोऱ्याकडे बघत डोळ्यांनीच सांगत होती, अजून थोडा, अजून. सतरा वर्षांनी मी तिला समोर बघत होते. कॉलेजात असल्यापासून तिचं गाणं ऐकत आले. मग माझी मुलं लहान होती, मग आम्ही गाव बदललं, आणि नंतर तिच्याच प्रकृतीमुळे तिचे कार्यक्रम बंद झाले. एवढ्या वर्षांत सोबत राहिली ती तिच्या बागेश्रीची एक कॅसेट. किती वेळा ऐकली असेन याचा हिशेब नाही. जोडाच्या तारा एकमेकींत मिसळल्या, दोन्ही तंबोरे एकाच श्वासाने बोलू लागले, आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. हा तो षड्ज नव्हता.

शेजारच्या खुर्चीवरचे वयस्कर गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "काळी चार लावलीय, ताई. पूर्वी पाच असायची."

पेटीच्या हिशेबात काळी पाचच्या षड्जाला सेकंदाला साधारण २३३ कंपनं, काळी चारच्या षड्जाला साधारण २०८. मध्ये एकच पट्टी, पांढरी सहा. मी गाणं शिकलेली नाही. नुसत्या कानाने पट्टी ओळखणं हे जन्मजात देणगी असणाऱ्यांचं काम, असं मी समजत होते. मग मला ते कसं कळलं?

याचं उत्तर एका साध्या प्रयोगात सापडतं. डॅनियल लेव्हिटिन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने ४६ जणांना आपापल्या आवडीचं लोकप्रिय गाणं कुठलीही रेकॉर्ड न ऐकवता, आठवणीतून म्हणायला सांगितलं. हे काही गवई नव्हते. तरी दोन प्रयत्नांपैकी निदान एकात ४० टक्के लोकांनी गाणं नेमक्या मूळ पट्टीत म्हटलं, आणि १२ टक्के लोकांनी दोन्ही वेळा. म्हणजे आवडतं गाणं आपण चाल म्हणून तर साठवतोच, पण ते ज्या उंचीवर ऐकलं ती उंचीही मनाच्या कुठल्यातरी फडताळात जशीच्या तशी ठेवून देतो. पट्टीचं नाव सांगता येत नाही, पण ती बदलली की आत काहीतरी खटकतं.

कॅसेटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. कॅसेटमधली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकावी, असं ठरलेलं होतं. घरोघरच्या टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा सैल पडला किंवा मोटर थकली की हा वेग बदलायचा. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला तर सगळं गाणं जवळजवळ एका पट्टीने वर किंवा खाली सरकतं. आमच्या पिढीने कित्येक थोर गवई अशा किंचित खोट्या पट्टीत ऐकले आणि तीच खरी मानली. तरीही त्या संध्याकाळचा फरक टेपरेकॉर्डरच्या खात्यात टाकता येण्यासारखा नव्हता. आवाज खरोखरच उतरला होता.

का उतरतो? स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, बाईमाणसाच्या गळ्यात जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे. फुप्फुसातून येणारी हवा त्यांच्यातून जाताना ते एकमेकांवर आदळतात आणि सुटतात, काळी पाचच्या षड्जाला सेकंदात २३३ वेळा. पाळी गेल्यानंतर शरीरातली संप्रेरकं बदलतात, तसे हे तंतूही थोडे जाड, जड होतात. जड तार सावकाश हलते, म्हणून बायकांचा आवाज वयानुसार खाली येतो. पुरुषांचं उलटं. साठीनंतर त्यांचे तंतू विरळ होत जातात आणि बोलण्याचा आवाज उलट थोडा वर चढतो. दोघांच्याही बाबतीत तंतूंच्या कडा आतून पोखरल्यासारख्या होतात, पूर्ण मिटत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटते आणि सुरात श्वासाची किंचित खरखर मिसळते.

त्यात दुसरी तूट श्वासाची. बरगड्यांना जोडणाऱ्या कूर्चा वयाबरोबर ताठर होतात, छाती पूर्वीसारखी फुलत नाही, फुप्फुसांचा लवचिकपणा कमी होतो. आत येते ती हवा कमी, आणि फटीतून वाया जाते ती जास्त. पंचविशीतला गवई जी तान एका दमात घेऊन समेवर येतो, तिला सत्तरीत दोन श्वास लागतात. हे सगळं नाकारून, चाळीस वर्षांपूर्वीच्या पट्टीत चाळीस वर्षांपूर्वीची तान घ्यायला गेलं तर सूर चिरतो, थरथरतो, ऐकणाऱ्याला अवघडायला होतं. पट्टी उतरवणं म्हणजे हार मानणं, असं म्हणणारे श्रोते मी पुष्कळ पाहिलेत. मला ते पटत नाही. आपला गळा आज कुठे उभा आहे, हे ज्याला नीट कळतं तोच षड्ज खाली आणतो.

मधल्या वर्षांनी काय बदललं असेल, याचं भय ऐकणाऱ्या आपल्यालाच असतं असं नाही, ते कलावंताला आपल्याहून जास्त असतं. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९५३ साली कीर्तीच्या शिखरावर असताना रंगमंचावरून उठले ते बारा वर्षं परतलेच नाहीत. १९६५च्या मे महिन्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा वाजवायचं ठरवलं. तिकिटांसाठी लोक रात्रभर रस्त्यावर रांग लावून बसले, आणि त्यांची पत्नी वांडा हिने त्या रांगेतल्या लोकांना कॉफी पाठवली, ही हकिगत संगीताच्या इतिहासात नोंदली गेलीय. ९ मेच्या त्या कार्यक्रमाची सुरुवात बाखच्या एका रचनेने झाली, आणि अगदी आरंभीच होरोविट्झ यांची बोटं चुकली. चुकीचे सूर सगळ्या सभागृहाने ऐकले. कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा मात्र त्यातल्या काही चुका दुरुस्त केलेल्या होत्या. त्या दिवशी जसं वाजलं तसं, चुकांसकट, लोकांना ऐकायला मिळालं ते २००३ साली, होरोविट्झ जाऊन चौदा वर्षं झाल्यावर.

ती असंपादित आवृत्ती मला जास्त मोलाची वाटते. बारा वर्षं स्वतःला कोंडून घेतलेला एकसष्ट वर्षांचा माणूस तीन हजारांच्या आसपास माणसांसमोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या बोटांत काय होतं ते त्या पहिल्या क्षणांत ऐकू येतं. पुढे हात सावरतात आणि वादन फुलत जातं. ते सावरणंच तर बघायला आणि ऐकायला लोक रात्रभर रांगेत बसले होते. दुरुस्त केलेल्या मुद्रिकेत नेमकं तेच पुसलं गेलं.

१९५३ म्हटलं की मराठी श्रोत्याला मात्र दुसरंच परतणं आठवायला हवं. होरोविट्झ उठून गेले त्याच वर्षी देवासचे कुमार गंधर्व पुन्हा मैफलीत बसले.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. गाणं न शिकताच हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा म्हणून दाखवायचा, आणि 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला लहानपणीच मिळालं. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत हा अकरा वर्षांचा मुलगा गायला, तेव्हा जाणकार थक्क झाले. पुढे प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या विद्यालयात त्याची तालीम झाली, अंजनीबाई मालपेकरांकडेही तो शिकला. विशीत पोचेपर्यंत कुमारांचं नाव देशभर झालं होतं. लोकांच्या कानात तो पल्लेदार, चपळ, तरुण गळा बसला होता.

१९४७ साली भानुमतीबाईंशी लग्न झालं, आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. १९४८च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी कुमार माळव्यात देवासला जाऊन राहिले. त्या काळी क्षयावर इलाज म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा. डॉक्टरांनी गाणं तर बंद केलंच, मोठ्याने बोलायलाही मनाई केली. आदल्या वर्षापर्यंत मैफली गाजवणारा चोवीस वर्षांचा गवई अंथरुणाला खिळून गप्प पडून होता.

क्षयाच्या जंतूंवर पहिला खरा प्रहार करणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात १९४३ साली सापडलं होतं. ते हाताशी येईपर्यंत हजारो रोगी गेले. कुमारांना ते मिळालं, भानुमतीबाईंची शुश्रूषा होती, आणि ते वाचले. पण क्षय बरा होतो म्हणजे फुप्फुस पूर्ववत होतं असं नाही. रोगाने खाल्लेल्या जागी घट्ट व्रण धरतो, तो भाग आकसतो, त्यात हवा शिरत नाही. कुमारांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं. उरलेल्या एका फुप्फुसावर त्यांना गायचं होतं.

१९५३मध्ये ते पुन्हा गायला बसले, तेव्हा समोरच्यांच्या कानात आजारापूर्वीचे कुमार असणार. ऐकू आलं ते वेगळंच. तुकडे लहान. तान विजेसारखी लखकन येऊन जाणारी. एखादा सूर जोरात फेकलेला आणि लगेच पुढचा जवळजवळ कुजबुजलेला. आणि मध्ये मध्ये मोकळी जागा. विलंबित ख्यालातल्या लांबच लांब आलापीला सरावलेल्या श्रोत्यांना हे तुटक वाटलं तर नवल नाही. कुमारांच्या गाण्याबद्दल पुढे तीस-चाळीस वर्षं वाद होत राहिले, आणि त्यात एक मुद्दा हमखास यायचा: दम पुरत नाही, म्हणून अशी गायकी.

हा मुद्दा अर्धाच खरा आहे, असं मला वाटतं. श्वास आखूड होता हे खरंच. पण त्याच देवासच्या खोलीत, गप्प पडून असताना, कुमारांनी माळव्यातल्या बायकांची लग्नाची, सणावारांची, ऋतूंची गाणी ऐकली, दारावरून जाणाऱ्या नाथपंथीयांच्या भजनांकडे कान लावला. चार-पाच सुरांतच फिरणाऱ्या त्या धुना त्यांनी गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या, आणि रागाचं मूळ या धुनांतच आहे, अशी त्यांची खात्री झाली. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, मधसुरजा असे नवे राग त्यातून आले. धुन-उगम राग हे त्यांनीच त्यांना दिलेलं नाव. १९६५चा 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ, ऋतूंवरचे गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत हे कार्यक्रम, कबीराची भजनं, हे सगळं एका निकामी फुप्फुसाने कसं घडेल? श्वासाने फार तर वाक्य किती लांब असावं ते ठरवलं. वाक्यात काय असावं, ते पाच-सहा वर्षांच्या ऐकण्याने ठरवलं. लहानपणी रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाणारा मुलगा या वेळी ऐकून नक्कल करत नव्हता.

तंबोऱ्यांबद्दलचा कुमारांचा आग्रह प्रसिद्ध आहे. ते तंबोरे जुळवायला बसले की मैफल खोळंबली तरी चालायची. सूर लागला पाहिजे. जवारीचा एवढा ध्यास का, याचं एक कारण मला त्यांच्या मोकळ्या जागांत दिसतं. घोडीवर तारेखाली दोरा सारून ती विशिष्ट ठिकाणी आणली की तार घोडीच्या पसरट पाठीला सतत हलका स्पर्श करत राहते, आणि एका सुरातून वरच्या सुरांची झालर निघते. त्यात गंधार ऐकू येतो, जो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. गाणारा सलग गात असेल तर तंबोऱ्याची उणीव थोडीफार झाकली जाते. कुमार थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि त्या क्षणी सभागृहात फक्त तंबोरा उरायचा. तिथे तो बेसूर असून कसा चालेल?

पुण्यातल्या लोकांनी असंच एक परतणं भीमसेन जोशींच्या रूपाने पाहिलं. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ त्यांनी सुरू केलेल्या महोत्सवाचा आरंभही योगायोगाने १९५३चाच. पन्नासहून अधिक वर्षं या उत्सवाचा आधार असलेले पंडितजी २००७ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना तिथे पुन्हा गायले. लोकांसमोरचं ते त्यांचं अखेरचं गाणं. तिथे बसलेल्यांपैकी ज्यांच्याशी मी बोलले, त्यांच्या बोलण्यात राग कोणता, ताना किती, हे नंतर यायचं. आधी यायचं ते हे, की पहिला षड्ज लागला आणि हजारो माणसं एकदम निःशब्द झाली.

एकदम निःशब्द होण्याचं कारण आपल्या डोक्यात शोधता येतं. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की आवडत्या संगीतातली अंगावर काटा आणणारी जागा आली की मेंदूत डोपामिन स्रवतं. पण ते त्या जागेच्या आधीपासूनच, वाट बघताना, मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवू लागलेलं असतं. समेची वाट बघताना पाठ ताठ होते, ते हेच. ज्याचं गाणं वीस वर्षं घोटून घोटून ऐकलंय त्याच्यासमोर बसलं, की आपल्याला पुढची प्रत्येक जागा पाठ असते, आणि प्रत्येक जागेच्या आधी मेंदू हात पुढे करून उभा असतो. ध्वनिमुद्रणात ती जागा ठरल्या क्षणी येतेच. समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती येईल की नाही, कशी येईल, हे कुणालाच माहीत नसतं. झुरिकच्या संशोधकांनी २०२४ साली याच्याशी जवळचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणारा मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात होता, आणि पियानोवादक त्याच्या मेंदूतली भावनेची हालचाल तिथल्या तिथे बघून वादन बदलत होता. अशा जिवंत वादनाने भावनांशी निगडित असलेलं मेंदूतलं केंद्र, अमिग्डाला, ध्वनिमुद्रित वादनापेक्षा जास्त आणि अधिक सातत्याने जागं झालं. आपल्याकडे गवई यंत्राशिवाय हेच करत आले. पहिल्या रांगेतल्या माणसाची मान हलली की जागा पुन्हा घ्यायची, वेगळी घ्यायची.

बदल फक्त गाणाऱ्यात होतो असंही नाही. वयाबरोबर आपल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, आणि पहिल्यांदा जातात त्या अगदी वरचे, बारीक सूर टिपणाऱ्या. तंबोऱ्याच्या झालरीतला सगळ्यात वरचा, चांदीसारखा भाग मी विशीत ऐकत होते तसा आता ऐकू येत नसणार. सतरा वर्षांनी त्या सभागृहात एक बदललेला गळा आणि एक बदललेला कान समोरासमोर आले होते. न बदललेली होती ती फक्त घरातल्या कपाटातली फीत.

तिने बागेश्रीच घेतला. विलंबितात मंद्रात खूप वेळ रेंगाळली. तिथे तिच्या आवाजाला पूर्वी नसलेलं वजन आलं होतं, भरदार, ओलसर. मला खर्ज असा कधी ऐकवला नव्हता तिने, कारण काळी पाचमध्ये तिचा गळा त्या खोलीपर्यंत पोचतच नव्हता. मग मध्यलयीतली ती बंदिश आली. अंतऱ्याला सुरुवात झाली तशी माझी बोटं साडीच्या काठावर घट्ट झाली. कॅसेटमध्ये ती इथे गंधार, मध्यम, धैवत, निषाद करत एका दमात तार षड्जावर जाते आणि तिथे आवर्तनभर उभी राहते. माझ्या आयुष्यातले कितीतरी दिवस मी त्या षड्जावर काढलेत.

ती धैवतावर आली आणि थांबली.

श्वास घेतला. तो माइकमधून स्पष्ट ऐकू आला. तबल्याचा ठेका चालू होता, तंबोरे चालू होते, आणि धैवत संपलेला असूनही हवेत होता. शेजारचे गृहस्थ किंचित पुढे झुकले. मग तिने निषादाला नुसता हात लावल्यासारखं केलं आणि षड्ज लावला, लहानसा, जेमतेम दोन मात्रांचा, आणि सोडून दिला. सभागृहातून आवाज उठला तो "वाह"चा नव्हता. सगळ्यांनी रोखून धरलेला श्वास एकदम सुटल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर अजून चालतो, सावकाश. अंतरा आला. गंधार, मध्यम, धैवत. मी धैवतावर थांबण्याची वाट बघत होते. ती थांबली नाही.